शेवटच्या टाकीचे दोन आकडे

रऊफभाई, तुमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या म्हणून ऑफिसातून दोनदा निरोप आला. तुमचा जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं, ते सगळं त्यांनी आधीच नोटीस बोर्डावर लावलंय, फोटोसकट. फोटोही कसला निवडलाय, तर तुम्ही त्यात हसताय! प्लँटमधल्या कोणालाही विचारा, रऊफभाईंना हसताना किती जणांनी बघितलंय. मी ऑफिसातल्या बाईंना म्हणाले, चांगले शब्द मला जमायचे नाहीत, माझं त्यांच्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय, ते लिहून देऊ का? त्या माझ्या तोंडाकडं बघतच राहिल्या. म्हणून हे त्यांना द्यायचंच नाही असं ठरवून लिहायला बसलेय. हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही गेल्याचा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय, आणि त्याच्या आत मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय, जी तुम्हाला कोणीच सांगितली नाही. मलाही तुम्ही गेल्यावरच कळली.

तुम्हाला आपला प्लँट समजावून सांगायचा म्हणजे हसूच आहे. पण हा कागद उद्या कुणा तिसऱ्याच्या हाती पडला तर त्याला काय कळणार? म्हणून थोडक्यात सांगते, मधे बोलू नका. आपण तांब्याच्या भंगारातून शुद्ध तांबं काढतो. भंगार ॲसिडमध्ये विरघळलं की निळंशार द्रावण होतं. ते टाक्यांत सोडायचं, करंट द्यायचा, की पत्र्यांवर तांबं चढत जातं आणि एका टाकीतून दुसरीत जाताना निळा रंग फिका पडत जातो. शेवटच्या टाकीत तांबं जेमतेम उरलेलं असतं. घाण मात्र सगळी तिथंच गोळा होते, आणि त्या घाणीत आर्सेनिक असतं. तिथं तांबं एका मर्यादेखाली गेलं आणि करंट तसाच चालू राहिला, तर टाकीतून विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही. लसणासारखा किंचित वास असतो म्हणतात, पण तो येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे शेवटच्या टाकीत आत्ता तांबं किती आहे, हे कळण्यावर तिथं उभ्या असलेल्या माणसाचा जीव असतो.

ते कळायचे आपल्याकडं दोन रस्ते. एक मी आणि एक तुम्ही.

माझा रस्ता जुना. ऑपरेटर टाकीतून बाटली भरून लॅबमध्ये आणतो, मी त्यात आयोडाइड घालते, ब्युरेटच्या नळीतून हायपोचं द्रावण थेंब थेंब सोडते, स्टार्च टाकते, आणि काळपट निळा रंग उडाला की थांबते. त्यावरून तांबं किती ते निघतं. तुमचा रस्ता नवा. टाकीतून जाणाऱ्या पाइपाला काचेची खिडकी, एका बाजूनं उजेड टाकायचा, आणि पलीकडं किती उजेड पोचला ते मोजायचं. द्रावण जितकं निळं तितका उजेड कमी. मीटरवर आकडा सारखा दिसत राहतो, आणि तो मर्यादेखाली गेला की करंट आपोआप तुटतो. ना बाटली, ना बाई.

‘रेखाताई, तुमचा आकडा बासी असतो,’ तुम्ही लॅबच्या दारातूनच सुरू व्हायचात. ‘बाटली भरली, चालत चालत आली, तुम्ही चष्मा शोधला, थेंब थेंब सोडत बसलात. तोपर्यंत टाकी कुठल्या कुठं गेली! बासी रोटी खिलाते तुम मेरेकू.’

‘शिळी असली तरी भाकरी आहे ती,’ मी म्हणायची. ‘तुमच्या काचेवर थर बसला की काय होतं ते सांगा आधी.’

‘पुसायची ना काच!’

‘आणि नाही पुसली तर?’

इथं तुम्ही नेहमी चिडायचात, कारण उत्तर तुम्हालाही ठाऊक होतं. काचेवर थर म्हणजे उजेड कमी, उजेड कमी म्हणजे मीटरला वाटणार की द्रावण निळं आहे. टाकीतलं तांबं संपत आलेलं असताना तुमचं मीटर सांगत बसणार, आहे, भरपूर आहे. माझा आकडा उशिरा येत असेल, पण तो कुणाला खोटा धीर देत नाही. हे मी म्हटलं की तुम्ही हातातलं हेल्मेट टेबलावर आपटायचात आणि म्हणायचात, ‘ओ मॅडम, उशिरा आलेला आकडा पण खोटाच असतो.’ आणि दार आपटून जायचात. त्या दाराची वरची कडी तुमच्यामुळंच निखळली, अजून तशीच आहे.

लोकांना वाटायचं आपलं पटत नाही. किती मूर्ख लोक. माझी स्कूटी बंद पडली होती त्या दिवसांत तुम्ही मला पुंडलिकनगरपर्यंत सोडायचात. स्वतः राहायला पडेगावला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तरी सोडायचात. गाडीत बसल्यापासून काच, थर, तापमान, दिवा. एकदा माझी गल्ली आली आणि तुम्ही थांबलाच नाहीत, सरळ पुढं गेलात, चौकाला वळसा घालून परत आलात, पुन्हा पुढं. मी म्हणाले, ‘अहो, घर गेलं माझं!’ तर म्हणालात, ‘बैठो, बात पुरी नहीं हुई.’ माझ्या नवऱ्यानं गॅलरीतून हे सगळं बघितलं आणि विचारलं, तुमचे साहेब घर विसरतात का गं? मी म्हटलं, घर नाय विसरत, भांडण विसरत नाय तो माणूस.

आणि ते घाणेरड्या मालाचं प्रकरण. एक अख्खा लॉट खराब निघाला, पत्र्यांवर तांबं काळं चढलं, आणि मोठ्या साहेबांनी सरळ लॅबवर ठपका ठेवला. मी रागानं नुसती उभी होते. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, ‘लॅबचा आकडा बरोबर होता. माझं मीटर चुकलं. मी लॅबचं ऐकलं नाही.’ एवढंच. तुमच्याच मीटरविरुद्ध तुम्ही साक्ष दिलीत, सगळ्यांसमोर. मी बाहेर येऊन आभार मानायला गेले तर माझ्यावरच ओरडलात, ‘शुक्रिया नक्को! काचेचं काय करायचं ते सांगा!’ त्या दिवसापासून माझ्या मनात तुमच्याबद्दल जे होतं ते मी कधी तोंडानं बोलले नाही. गावाकडनं, पिशोरहून येताना शेतातलं आलं आणायची तुमच्या घरासाठी, तेवढंच. नसीमभाभी म्हणायच्या की या आल्याचा चहा प्यायल्याशिवाय यांचं डोकं चालत नाही.

मग ते चांगले आठवडे आले. तुमच्या आयुष्यातले शेवटचे, पण तेव्हा कोणाला माहीत होतं.

तुम्ही काचेची जागा बदललीत, दिवा नवा बसवलात, आणि मला म्हणालात, ‘आता बघा.’ पहिले काही दिवस काही फरक पडला नाही, तुमचं एक, माझं एक, आणि मधे आपलं भांडण. मग एक दिवस सकाळी तुम्ही मीटरचा आकडा घेऊन लॅबमध्ये आलात, मी माझा दाखवला, आणि दोन्ही जवळपास सारखे. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या खुर्चीवर बसलात, चष्मा काढलात, डोळे चोळलेत आणि परत आकडा बघितलात. आठवडा असाच गेला. आठवड्याच्या शेवटी तुम्ही शहरातून इमरती घेऊन आलात, गरम, कागद पाकानं भिजलेला, आणि लॅबच्या बायकांना म्हणालात, ‘तुमच्या मॅडमनं हार मानली, मुँह मीठा करो.’ मी म्हणाले, ‘हार कोणी मानली? आकडे जुळले म्हणजे दोघंही बरोबर.’ तुम्ही मान हलवलीत. ‘चलो, वही सही.’ आणि हो, त्या दिवशी तुम्ही हसला होतात. मी बघितलंय.

भगवान त्या दिवसांत रोज सकाळी लॅबला फोन करायचा. शेवटच्या टाकीवरचा आपला भगवान. ‘ताई, आकडा काय आला?’ मी सांगायची. मला कौतुक वाटायचं, किती काळजी घेतोय, आधी बाटली ढकलून पळून जायचा आणि आता स्वतः विचारतोय. तुम्हालाही मी हे सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘समझदार है.’

तुम्ही गेलात ते शुक्रवारी, नमाजला निघायच्या तयारीत. भाभी सांगत होत्या, इस्त्रीचा कुर्ता घातला आणि पलंगावर बसलात, पाणी मागितलंत, पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये ब्युरेट धुवत होते. मी पडेगावला आले, आत बायकांत बसले. तुमच्या घरातल्या बायकांनी मला जागा करून दिली, कोणीतरी डोक्यावरचा पदर सरळ केला माझा. तुम्हाला नेताना मी खिडकीतून बघितलं. माझ्या डोक्यात काहीही पवित्र विचार नव्हता, रऊफभाई. माझ्या डोक्यात होतं, आता मी भांडू कोणाशी?

त्या दिवशी प्लँटमधले जवळजवळ सगळे तुमच्याकडं आले होते. बदली माणसं टाकीवर होती. संध्याकाळी मी लॅबमध्ये परत गेले, कारण घरी जावंसं वाटेना. दुपारची बाटली तशीच पडली होती, ती केली. माझा आकडा आणि मीटरचा आकडा यांत भलं मोठं अंतर. मला वाटलं, बदली माणसानं बाटली नीट भरली नसेल. डोळ्यांत पाणी होतं, ब्युरेटची रेघ मला तरी कुठं नीट दिसली असेल? दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा जुळलं आणि मी ते विसरून गेले.

मग मोठ्या साहेबांनी बोलावलं. बिचारे खरंच हळहळत होते, खोटं कशाला बोलू. म्हणाले, रऊफभाईंचं मीटर इतके दिवस लॅबशी बरोबर जुळतंय, आता शेवटच्या टाकीची बाटली बंद करू या, ऑपरेटरनं त्या टाकीवर वाकायचं कशाला? मीटर एकटं बघेल. पॅनेलवर तुमच्या नावाची पितळी पाटी लावायची, भाभींच्या हातून उद्घाटन करायचं. फक्त लॅबप्रमुख म्हणून माझी सही हवी, की मीटरवर भरवसा ठेवायला हरकत नाही. मी म्हणाले, करते. का नाही करणार? तुम्हाला हेच तर हवं होतं. माणसानं त्या टाकीवर बाटली घेऊन वाकू नये, हे तुमचंच म्हणणं होतं, आणि त्यात तुम्ही चूक नव्हतात. मी पेन काढलं होतं, तेवढ्यात त्यांना दिल्लीचा फोन आला आणि म्हणाले, उद्या करू.

दुपारी भगवान लॅबमध्ये आला. बाटली नाही, काही नाही, रिकामे हात. दार लावून घेतलं.

‘ताई, सही करू नका.’

‘का रे?’

‘करू नका म्हनलं ना.’ मग खाली बघत राहिला. ‘त्या मीटरचं काय खरं नाय.’

मी ओरडले, ‘भाईंचं मीटर आहे ते! माणूस मातीत जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि तू—’

‘मीटर चांगलं हाय हो. मीच लावायचो त्याला.’

आणि मग सांगितलं त्यानं. मीटरमध्ये दुरुस्तीची एक जागा असते, ऑफसेट म्हणतो आपण. मीटर थोडं पुढं-मागं दाखवत असेल तर तिथं आकडा घालून सरळ करायचं. ते तुम्ही आणि मी मिळून महिन्यातून एकदा करायचं, असं ठरलं होतं. पासवर्ड तुमच्याकडं होता आणि तुम्ही तो भगवानला दिला होता, कारण तुमचा त्याच्यावर भरवसा होता. तुम्ही ज्याच्यावर ओरडायचात त्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त भरवसा असायचा.

‘तुम्ही दोघं वर भांडायचे,’ भगवान म्हणाला, ‘मंग भाई खाली येऊन आमच्यावर राग काढायचे, आन तुम्ही बाटली परत भरून आणायला लावायच्या. दिवस सगळा त्याच्यातच. एक दिवस म्या तुम्हाला फोनवर आकडा इचारला आन मीटर तेवढ्यावर आणून ठेवलं. भाई वर आले न खुश होऊन गेले. तुम्ही पण गप. लई बरं वाटलं, ताई. सगळ्यांनाच. मंग रोजचंच झालं.’

‘व्हय का? बरं वाटलं?’ माझा आवाज कसा होता देव जाणे, तो मागं सरकला.

‘भाईंना सांगणार होतो. पण ते इमरती घेऊन आले, मंग कोन सांगनार?’

मी त्याच्यावर हात उगारला असता, रऊफभाई. खरंच. आणि दुसऱ्याच क्षणी मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं, आणि तो वेडा मला पाणी द्यायला धावला. आपण दोघं दोन शहाणे, एवढं शिकलेले, रोज सकाळी जुळलेले आकडे एकमेकांना दाखवून खुश होत होतो, आणि मीटर काही बघतच नव्हतं. माझाच आकडा मला परत वाचून दाखवत होतं. तुम्ही गेलात त्या दिवशी भगवान टाकीवर नव्हता, म्हणून तेवढं एकदा अंतर दिसलं. काचेवर थर होता का नव्हता, दिवा बरा होता का नव्हता, कोणाला पत्ता नाही. दोन साक्षीदार ठेवले होते, तर दुसऱ्यानं पहिल्याचं ऐकून साक्ष दिली. आणि का? तर घरातल्या दोन मोठ्यांचं भांडण मिटावं म्हणून.

‘मग आज का सांगतोस?’ मी विचारलं.

‘उद्या तुमचा आकडाच येनार नाय म्हनल्यावर मी मीटर कशावर लावू?’ तो म्हणाला. ‘आन टाकीवर मीच हाय.’

त्याच्या या एका वाक्यानं मला पुढचं सगळं दिसलं. सही झाली असती तर तुमच्या नावाची पाटी ज्या पॅनेलवर लागणार होती, त्याच पॅनेलसमोर हा माणूस उभा राहिला असता, आणि मीटरनं शेवटच्या ऑफसेटवर त्याला सांगितलं असतं, आहे, भरपूर आहे.

मी आधी भाभींकडं गेले. साहेबांकडं जायच्या आधी त्यांना सांगावं असं वाटलं, कारण पाटीचं त्यांच्या कानावर गेलं होतं. आलं नेलं होतं, सवयीनं. त्यांनी चहा केला. मी तोंड उघडणार, तर त्याच म्हणाल्या, ‘उनो आखिर के दिन में कित्ते खुश थे, मालूम? रोज बोलते थे, रेखा मान गई करके. नींद भी अच्छी आने लगी थी.’ आणि माझा हात धरला. ‘तेरेकू अल्ला खुश रक्खे.’ चहा तसाच गार झाला, रऊफभाई. काय बोलणार होते, की भाभी, ती झोप भगवाननं लावलेली होती?

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. भगवानचं नाव घेतलं नाही. मी म्हणाले, मीटर लॅबला बघून लावलं जात होतं, म्हणून जुळत होतं, ते आकडे धरू नका, बाटली बंद करू नका. साहेबांनी विचारलं, कोणी लावलं? आम्ही सगळ्यांनी. म्हणजे कोणी? मी म्हटलं, साहेब, सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी.

साहेब शांतपणे म्हणाले, ‘ताई, तुमचं आणि त्यांचं कधी पटलं नाही, हे सगळ्या कंपनीला माहीत आहे. आता ते उत्तर द्यायला नाहीत. लोक काय म्हणतील, विचार केलाय?’

केला होता. रात्रभर नाही, पण अख्खी सकाळ केला होता. लोक काय म्हणणार ते लगेच म्हणायला लागलेही. कँटीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं होतं. मेलेल्या माणसाशी स्पर्धा करतेय म्हणे ही बाई, मीटर आलं तर हिला कोण विचारणार. पाटी बनून आलीय, ती ऑफिसच्या कपाटात आहे. भाभींना कोणीतरी फोन करून कार्यक्रम पुढं ढकलला म्हणून कळवलं. त्यांचा मला फोन आला, ‘कुछ हुआ क्या, रेखा?’ मी म्हणाले, ‘भाभी, मैं आके बताती.’ अजून गेले नाही. चाळिसाव्याला जाणार आहे आणि सांगणार आहे. त्या मला घराबाहेर काढतील की पोटाशी धरतील, मला माहीत नाही, आणि दोन्हीची मला सारखीच भीती वाटतेय.

माझा सगळ्यात जास्त राग कोणावर आहे सांगू? भगवानवर नाही. तुमच्यावर आहे. तुम्ही इतक्या लवकर खुश का झालात? मी म्हणाले असते रऊफभाई, आकडे फार सारखे येताहेत, असं कधी होतं का? तर तुम्ही ओरडला असतात आणि आपण दोघं खाली जाऊन मीटर उघडलं असतं. पण मीही गोड खाऊन गप्प बसले. इतक्या वर्षांनी शांतता मिळाली तर दोघांनाही ती तपासून बघावीशी वाटली नाही. साहेबांना मी शेवटी एवढंच म्हणाले की रऊफभाईंचं मीटर नापास झालेलं नाही, त्याची परीक्षाच झालेली नाही. ती मला घेऊ द्या. पाटी तोवर कपाटात राहू द्या, खोट्या आकड्यांवर लागलेली पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं उखडली असती. बाटली बंद करायचा कागद साहेबांनी परत ड्रॉवरमध्ये टाकला.

म्हणून आता पासवर्ड माझ्याकडं आहे. ऑफसेट काढून टाकला. काच मी स्वतः पुसते, भगवानच्या देखत. तो आता फोन करत नाही, आणि त्यानं फोन केला तरी मी आकडा सांगणार नाही, हे त्याला सांगून ठेवलंय. माझ्याशी बोलतो तो, एवढा एकच बोलतो. बाकीच्यांना वाटतं त्याला मी धाकात ठेवलंय.

आज सकाळी तुमच्या मीटरचा आकडा मर्यादेच्या जरासा खाली गेला आणि करंट तुटला. साहेबांचा फोन, माल थांबला, काय चाललंय? मी बाटली मागवली, पळत आणली भगवाननं, मी उभ्या उभ्या केली. माझा आकडा मर्यादेच्या जरासा वर. म्हणजे माझ्या मते टाकी चालू ठेवायला हरकत नव्हती आणि तुमच्या मते ताबडतोब बंद. भगवान लॅबच्या दारात धापा टाकत उभा. ‘ताई, कुठला धरू?’

मला लगेच कळलं तुम्ही काय म्हणाला असतात. बाटली भरली तेव्हा तांबं होतं, आत्ता नाही. बासी रोटी. आणि मी म्हणाले असते, दिवा तापला असेल तुमचा, आज ऊन बघा केवढं आहे. तुमची बाजू मी बोलले, माझी बाजू मी बोलले, सगळं मनातल्या मनात, आणि माझ्याच्यानं निकाल लागेना. खरं कोणतं ते मला आत्ताही माहीत नाही.

मी म्हणाले, ‘रऊफभाईंचा धर. टाकी बंद ठेव.’

मानलं म्हणून नाही म्हणाले मी. टाकीवर माणूस उभा आहे, दोघांपैकी जो घाबरवतो तो आकडा धरायचा, एवढंच. मी मानलेलं नाही, रऊफभाई. भाभींना तुम्ही जे सांगत होतात ते खरं नव्हतं, आणि तुमच्या त्या शेवटच्या सुखातला तेवढा भाग मला परत घ्यावा लागतोय. तुम्ही असतात तर आत्ता दारातून ओरडत आला असतात, ‘अब आई ना अकल!’ आणि मी म्हणाले असते, अक्कल नाय आली, भीती आली.

मी दाराकडं बघितलं. कोणी ओरडलं नाही. मग भगवानला म्हणाले, जा, दुसरी बाटली भरून आण.